'टेस्ट स्टॅटिस्टिक'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

सांख्यिकीतल्या, मध्याविषयीच्या (म्हणजे सरासरीविषयीच्या) चाचण्यांवर विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. 'टेस्ट स्टॅटिस्टिक'पाशी, म्हणजे चाचणीचा निकाल ठरवायला नमुन्यावरून जी संख्या काढतात तिच्यापाशी, अडले. 'परीक्षण सांख्यिकी' असं काही ठिकाणी दिसतं, पण सांख्यिकी हे तर अख्ख्या विषयाचं नाव. 'चाचणीमूल्य' कसं वाटतं? आणि 'झेड' व 'टी' यांचं सूत्र दिसायला सारखंच आहे, मग दोन नावं हवीतच का?

प्रतिसाद

'परीक्षण सांख्यिकी' नकोच. विद्यार्थी ते वाचून चाचणीच्या शास्त्राबद्दल काही सांगताहेत असं समजतो, आणि सांगायची असते फक्त एक संख्या. समष्टीचं, म्हणजे ज्यातून नमुना घेतो त्या अख्ख्या समूहाचं, वर्णन करणाऱ्या संख्येला (उदाहरणार्थ, त्याच्या मध्याला) आपण 'प्राचल' म्हणतो. तसा नमुन्यावरून काढलेल्या संख्येला मी 'नमुनांक' म्हणतो. त्यावरून 'कसोटी-नमुनांक'. जरा लांब आहे, पण ही संख्या कशावरून काढली आणि कशासाठी काढली, दोन्ही त्यात येतं.

'चाचणीमूल्य' मला अर्धंच पटतं. आकडेमोड झाल्यावर हाती येतं ते मूल्य. पण त्याआधी, नमुना घेण्याच्याही आधी, कोणत्या रीतीनं मोजायचं हे ठरवावं लागतं आणि निवड होते ती त्या रीतीची. म्हणून 'कसोटी-नमुनांक निवडा' आणि 'त्याची किंमत काढा' अशी दोन वाक्यं लिहा. 'क्षची किंमत काढा' हे मुलांच्या कानात शाळेपासून बसलेलंच आहे.

आता झेड आणि टी. दोन्हींत वर असतो नमुन्याचा मध्य उणे परिकल्पनेतला, म्हणजे तपासायच्या विधानातला, मध्य, आणि खाली प्रमाण त्रुटी, म्हणजे प्रमाण विचलन (मापं मध्याभोवती किती पसरली आहेत याचं माप) भागिले नमुनासंख्येचं वर्गमूळ. फरक एवढाच, की ते प्रमाण विचलन आणलं कुठून. पण हा 'एवढाच' निकाल फिरवू शकतो.

यंत्रातून निघणाऱ्या दांड्यांची सरासरी लांबी ५० मिमी असावी अशी शून्य परिकल्पना धरू. ९ दांड्या मोजल्या, मध्य आला ५०.४, प्रमाण विचलन ०.६. प्रमाण त्रुटी ०.६ भागिले ३, म्हणजे ०.२. वरचा फरक ०.४. किंमत आली २.

हे ०.६ समष्टीचंच आधीपासून माहीत असलेलं विचलन असेल, तर हा झेड. दोन्ही बाजूंच्या चाचणीत (मध्य ५०हून कमी असो वा जास्त, दोन्ही पाहणाऱ्या) ५ टक्के पातळीला, म्हणजे परिकल्पना खरी असूनही ती नाकारली जाण्याची शक्यता ५ टक्के धरली तर, सीमा १.९६. दोन त्याच्या पलीकडे जातात, परिकल्पना नाकारली. पण ०.६ याच नऊ दांड्यांवरून, मध्यापासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज आठनं भागून आणि वर्गमूळ घेऊन काढलं असेल, तर तो टी. आठ स्वातंत्र्यमात्रांना (इथं मापांच्या संख्येतून एक वजा) सीमा २.३०६. दोन अलीकडेच राहतात, नाकारता येत नाही. मापं तीच, भागाकार तोच, किंमतही तीच, आणि निकाल उलटा. खालची संख्या स्वतःच नऊ मापांवरचा अंदाज आहे, दुसऱ्या नऊ दांड्या घेतल्या तर तीही हलेल, म्हणून सीमा लांब ठेवावी लागते. दोन नावं हवीत ती यासाठी.

'नमुना तीसच्या वर गेला की झेड' हे पाठ करून घेतलं जातं, ते टिपणांत घालू नका अशी मनापासून विनंती. नमुना तीसचा असला तरी टीची सीमा २.०४५ असते, १.९६ नाही. विचलन नमुन्यातून काढलंय ना? मग टी.

आणखी एक. 'विद्यार्थी टी-चाचणी' असं भाषांतर करू नका. 'स्टुडंट' हे टोपणनाव आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली 'बायोमेट्रिका' या संशोधनपत्रिकेत या नावानं निबंध छापला. मोजक्याच मापांवरून निष्कर्ष काढायची वेळ तिथं रोजची होती. गंमत म्हणजे त्या निबंधात त्यांनी आपल्या गुणोत्तराला झेड हेच अक्षर दिलं होतं. आजच्या रूपातला टी नंतरचा.

दुसरा प्रतिसाद

वरच्याशी सहमत. फक्त 'परिकल्पना' हा शब्द शेवटपर्यंत सांभाळा, मध्येच 'गृहीतक' लिहू नका. गृहीतक म्हणजे जे तपासायचं नाही, धरूनच चालायचं. युक्लिडची असतात तशी. या चाचणीत दोन्ही आहेत. मध्य ५० आहे ही परिकल्पना, ती तपासायची. मापं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, लांबीचं वितरण साधारण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं) आहे ही गृहीतकं. नऊच दांड्या असताना दुसऱ्या गृहीतकाला फार वजन असतं. दोन्हींना एकच शब्द वापरला तर काय तपासलं आणि काय नुसतं मानलं, हे विद्यार्थ्याला कळतच नाही.

प्रश्नकर्ती

'कसोटी-नमुनांक' घेते. 'त्रुटी'बद्दल मात्र शंका आहे. मुलं विचारतात, मोजताना कुणाची चूक झाली?

प्रतिसाद

प्रश्न रास्त आहे. चूक कुणाचीच नसते. नमुना बदलला की मध्य किती हलतो, याचं ते माप. शब्द रुळलेला आहे म्हणून ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथं हे एक वाक्य जोडा. आणि टीच्या उदाहरणाचा निकाल लिहिताना 'सरासरी लांबी ५० मिमी आहे हे सिद्ध झालं' असं होऊ देऊ नका. 'या नऊ मापांच्या आधारे, ५ टक्के पातळीला, शून्य परिकल्पना नाकारता येत नाही' एवढंच लिहा.