मदत हवी आहे: आईला घेऊन बसता येईल अशी मुंबईतली बाग

पांथस्थ:
आईला घेऊन मुंबईत आलोय. एक सकाळ मोकळी मिळतेय. शांत बाग हवी, सावली हवी, बाकडी हवीत आणि पाणी दिसायला हवं. नेटवर सगळीकडे त्याच त्या 'टॉप टेन' याद्या आहेत, त्यातून काही ठरत नाही. प्लीज आजच सांगा, उद्या सकाळी निघायचंय.

शेवंती:
उतरलात कुठे? आईंचं वय काय, चालता कितपत येतं? आणि पाणी म्हणजे समुद्र की तळंही चालेल? बोरिवलीला असाल तर कुलाब्याची बाग सांगून काय उपयोग?

दगडफूल:
डोळे मिटून राणीची बाग. १८६२ पासूनची बाग आहे, पण लोक पेंग्विन बघतात आणि परत फिरतात, झाडांकडे कुणी मान वर करून बघत नाही. उर्वशी नावाचं एक झाड आहे तिथे. लांब देठांवर उलटे लोंबणारे लाल-गुलाबी घोस, आणि पाकळीच्या टोकाला हळदीचं बोट लावावं तसा पिवळा ठिपका. मी तिच्यासाठी दरवर्षी जातो. गोरखचिंच आहे, कैलासपती आहे. आईंना नक्की आवडेल.

चालताबोलता:
नॅशनल पार्कात जा. १०० चौरस किलोमीटरपेक्षा मोठं जंगल शहराच्या आत, जगात किती ठिकाणी आहे? कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. सकाळी लवकर चढा, पायात चांगले बूट हवेत, पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा. सोमवारी बंद असतं.

शेवंती:
अहो, ते आईला घेऊन बसायला जागा विचारतायत, चढायला नाही.

दादरचा_कट्टा:
शिवाजी पार्क. कट्ट्यावर बसा, डोक्यावर पर्जन्यवृक्षांची सावली, शेजारी गप्पा मारणारी म्हातारी मंडळी. बाजूच्या गल्लीतून गेलं की समुद्र. आणखी काय पाहिजे?

दगडफूल:
दादा, ते मैदान आहे, बाग नव्हे. आणि कट्ट्याला पाठ टेकायला काही नाही. वयस्कर माणसाला तासभर तसं बसवणार का?

दादरचा_कट्टा:
माझी आजी ऐंशी वर्षांची होईपर्यंत रोज तिथे बसायची.

मीनल_ठा:
मलबार हिलला कमला नेहरू पार्क आणि समोर हँगिंग गार्डन. वरून मरीन ड्राइव्हची अख्खी कमान दिसते. तिथेच २०२५ मध्ये झाडांमधून जाणारी लाकडी वाट सुरू झाली आहे, ४८५ मीटरची. स्लॉट मात्र आधी ऑनलाइन बुक करा. म्हातारीचा बूट आहेच, पण आत अरुंद जिना आहे, आईंनी खालूनच बघावा.

पांथस्थ:
सगळ्यांचे आभार. आई ७४ वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन सपाटीवर दोनशे पावलं चालते, मग बसावं लागतं. माझगावला मावसभावाकडे उतरलोय. उद्या बुधवारी दुपारी दोनला फोर्टात डॉक्टर आहेत, त्याआधी वेळ आहे. राणीची बाग जवळच पडेल, तीच ठरवतोय.

शेवंती:
थांबा! बुधवारी राणीची बाग बंद असते. शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारी बंद. वार आधीच सांगितला असतात तर एवढी चर्चा वाचली असती.

दगडफूल:
खरंच, वार विचारायचा राहिला माझ्याकडून. माफ करा.

मीनल_ठा:
मग मलबार हिलच. टॅक्सी थेट दारापर्यंत जाते.

पांथस्थ:
तिला चौपाटीच्या बाजूचा समुद्र नकोय. वडील गोदीत क्रेनवर होते, तीस वर्षं. ते गेल्यावर आम्ही तिला गावी नेलं, त्यानंतर ती आत्ता पहिल्यांदा मुंबईत आली आहे. तिला बोटी बघायच्यात. मोठ्या, मालाच्या. काल माझगावात टॅक्सीतून जाताना नुसत्या भिंती आणि गेटं दिसली, ती गप्पच झाली.

खाडीपलीकडे:
आता प्रश्न कळला. मुंबईत समुद्र दिसणाऱ्या ज्या बागा लोक सांगतात, त्या जवळपास सगळ्या पश्चिमेला आहेत: मलबार हिल, नेपिअन सी रोडचं प्रियदर्शिनी पार्क, वांद्र्याचं जॉगर्स पार्क. बंदर आहे पूर्वेला, आणि तिकडचा किनारा गोद्यांच्या भिंतींआड. अपवाद कुलाब्याचं सागर उपवन. कुलाबा बस आगाराजवळ, बंदराच्याच जागेवर, साधारण १२ एकर. भरपूर झाडी, पायवाटा, आणि कडेला बसलं की समोर नांगरलेली जहाजं. आत जायच्या वेळा मात्र मावसभावाला आधी विचारून घ्यायला सांगा.

दादरचा_कट्टा:
बोटीच बघायच्या तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडा. माझगावहून पाच मिनिटं. खुद्द बंदरातून जाल.

शेवंती:
काठी घेऊन हलत्या लाँचमध्ये पाय टाकायचा? नव्या गुडघ्याने? नका हो असं सुचवू.

दादरचा_कट्टा:
बरोबर आहे, गुडघ्याचं विसरलो. सागर उपवनला माझंही मत.

खाडीपलीकडे:
आणि तिथून लवकर निघालात तर फोर्टात हॉर्निमन सर्कलची बाग आहे. छोटी, गोल, सपाट, समोर टाउन हॉल. डॉक्टरांची वेळ होईपर्यंत तिथे बसा.

पांथस्थ:
जाऊन आलो. सव्वाआठला आत होतो. दोनदा थांबत थांबत पाण्याकडच्या बाकड्यापर्यंत गेली आणि तिथून दीड तास हलली नाही. लांब एक मोठी बोट उभी होती, खालचा लाल रंगाचा पट्टा सगळा पाण्याबाहेर. आई म्हणाली, "ही रिकामी आहे. बघ किती वर आली आहे. भरली की तो लाल भाग दिसत नाही, तुझे बाबा सांगायचे." हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. खाडीपलीकडे, तुमचे फार आभार. हॉर्निमन सर्कल राहून गेलं, ती उठायलाच तयार नव्हती.

मीनल_ठा:
वाचून डोळे भरले. डॉक्टर काय म्हणाले?

पांथस्थ:
गुडघा चांगला आहे. रोज थोडं जास्त चालायला सांगितलंय.

दगडफूल:
मग उद्या गुरुवार आहे, राणीची बाग उघडी असेल. उर्वशी कुठे आहे ते दारावरच्या माळ्याला विचारा.