शब्दचर्चा : कॅडमधल्या ‘लॉफ्ट’ला मराठीत काय म्हणावं?

मी रत्नागिरीत यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला कॅड-कॅम शिकवते, म्हणजे संगणकावर भागाचा आकार काढणं (कॅड) आणि त्यावरून मशीनला कापायच्या सूचना देणं (कॅम). वर्गातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, लांजा, राजापूर, देवगडकडची. सॉफ्टवेअरमधली बटणं इंग्रजीत आहेत आणि ती तशीच राहोत, कारण पुढे नोकरीत हीच बटणं समोर येणार. माझा प्रश्न बटणाच्या नावाचा नाही. बटण दाबल्यावर नेमकं काय घडतं हे सांगताना क्रियापद कोणतं वापरायचं, हा आहे.

‘एक्स्ट्रूड’ला मी कधी अडले नाही. शिरवाळे साच्यातून दाबताना भोकाचा जो आकार, तोच शेवटपर्यंत राहतो, एवढं सांगितलं की पुरतं. ‘रिव्हॉल्व्ह’ म्हणजे एक रेघ आसाभोवती फिरवणं, तेही लेथवर उभ्या राहिलेल्या पोराला सांगावं लागत नाही. अडतं ते ‘लॉफ्ट’पाशी, म्हणजे वेगवेगळ्या आकाराचे छेद (आडवे काप) ओळीने ठेवून त्यांना जोडणारा एक अखंड आकार तयार करण्यापाशी. मागच्या सत्रात तोंडी परीक्षेला एका मुलाने त्याची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली, इंग्रजीत, एकही चूक नाही. मी म्हटलं, “बरं, मग होडीचा सांगाडा काढून दाखव.” घर मच्छीमाराचं, होडी लहानपणापासून बघितलेली. त्याने मधला एक छेद काढला आणि तो सरळ एक्स्ट्रूड केला. पडद्यावर पाणी प्यायचं डोणं तयार झालं. त्याला लाज वाटली आणि मला त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण व्याख्या मीच पाठ करून घेतली होती.

त्यानंतर वर्गात एकाने भीत भीत विचारलं, “मॅडम, लॉफ्ट म्हणजे माळा ना?” सगळे हसले. मी घरी जाऊन शोधलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की तू बरोबर होतास. युरोपातल्या जहाजबांधणीच्या गोद्यांमध्ये मोठ्या माळ्याच्या जमिनीवर जहाजाचे छेद खऱ्या मापात, एकास एक, आखत. त्या माळ्यावरच्या कामाला ‘लॉफ्टिंग’ नाव पडलं, तिथून ते विमानाच्या कारखान्यात गेलं आणि शेवटी कॅडच्या बटणावर येऊन बसलं. तेव्हा नाव होडीवाल्यांकडूनच आलेलं आहे. आपल्याकडे होडी बांधणारे आजही आहेत. त्यांच्याकडे या क्रियेला काही शब्द आहे का?

प्रतिसाद (मालवण)

मॅडम, आमच्या घरात दोन पिढ्या होडीकाम होतं. वडिलांनी आयुष्यात कागदावर नकाशा काढला नाही. पठाण, म्हणजे होडीच्या तळाचा कणा, ठेवायचं, नाळ, म्हणजे पुढच्या टोकाचं लाकूड, उभी करायची, मग मधल्या आडव्या लाकडांचा अंदाज घ्यायचा. तुमच्या ‘लॉफ्ट’ला एका शब्दात काही म्हणत असल्याचं मला आठवत नाही. पण त्या कामात एक वस्तू रोज हातात असायची, ती सांगतो.

लांब, लवचीक पट्टी. कधी बांबूची, कधी सरळ रेषांच्या लाकडाची. आम्ही तिला कामटीच म्हणायचो. ती पुढून मागेपर्यंत सांगाड्यावर टेकवायची, दोघांनी टोकं धरायची आणि तिसऱ्याने एक डोळा मिटून तिच्या कडेने बघत जायचं. कुठे लाकूड पुढे आलं असेल तर तिथे कामटी ढकलली जाते, म्हणजे ‘पोट’ आलं. कुठे कमी पडलं असेल तर कामटी टेकत नाही, मध्ये फट दिसते. पोट असेल तिथे तासायचं, फट असेल तिथे लाकूड बदलायचं. वडील म्हणायचे, “जा डोळ्याक दिसना नाय, ता कामटीक कळता.”

धागाकर्ती

दादा, तुम्ही मला न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर दिलंत. कॅडमध्ये ‘स्प्लाइन’ नावाची वक्ररेषा असते. मुलं तिला ‘वाकडी लाइन’ म्हणतात आणि मी ओघाने तेच म्हणत आले. स्प्लाइन म्हणजे मुळात हीच तुमची पट्टी! आखणी करणारे लोक ती शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून धरत आणि तिच्या कडेने रेघ ओढत. १९४६ साली शोनबर्ग या गणितज्ञाने गणितातल्या वक्रालाही तेच नाव दिलं.

आणि कामटी म्हटलं की मुलांना जे कळतं ते सूत्रातून कळणार नाही. कामटीला चार ठिकाणी दाबून धरलं तर मधल्या भागात ती स्वतःच्या मर्जीने, कमीत कमी वाकून जाते. एका ठिकाणचं वजन हलवलं तर शेजारचा भागही थोडा हलतो. पडद्यावर स्प्लाइनचा एक बिंदू ओढला की शेजारची रेघ का हलते, हे मुलं दरवर्षी विचारतात. आता सांगेन, कामटी आहे ती.

स्प्लाइनला ‘कामटी’ हा शब्द मी नक्की केला. लॉफ्टचं मात्र अजून बाकी आहे.

प्रतिसाद (चिपळूण, मराठीच्या निवृत्त शिक्षिका)

कामटी आली तर कंदीलही येऊ दे. दिवाळीत आपण आकाशकंदील करतो तेव्हा आधी कामट्यांचा सांगाडा बांधतो आणि मग तो कागदाने मढवतो. ‘मढवणे’ हे क्रियापद मला इथे अगदी नेमकं वाटतं. ढोल चामड्याने मढवतात, मखर कापडाने मढवतात. आधी सांगाडा असतो आणि त्यावर एक अखंड आवरण ताणून बसतं, हा अर्थ त्यात आहे. ‘झाकणे’त तो नाही, ‘गुंडाळणे’त तर नाहीच. वेगवेगळ्या आकाराचे छेद ओळीने उभे केले आणि त्यांवरून पृष्ठभाग मढवला, असं वाक्य मुलांना सांगून बघा.

संस्कृतातून नवा शब्द घडवू नये, असं माझं म्हणणं नाही. पण जो शब्द मुलाच्या हाताला आधीच माहीत आहे, तो हाताशी असताना दुसरा कशाला?

प्रतिसाद (कुडाळ, औद्योगिक वसाहतीत सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं काम)

बाई, शब्द आवडला, पण एक हरकत नोंदवतो. मढवलं की आत पोकळ. आमच्याकडे लॉफ्ट केलेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, बहुतेक वेळा भरीव असतो, धातूच्या ठोकळ्यातून कापून काढायचा. मुलाने ‘मढवणे’ मनात धरलं तर त्याला जाडीचा प्रश्न पडेल. कॅडमध्ये पृष्ठभागाचा लॉफ्ट आणि भरीव लॉफ्ट अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं, लॉफ्टमध्ये नवीन मुलांचं जे हमखास चुकतं, त्याला शब्द आपल्याकडे तयार आहे. एका छेदाची सुरुवात वरच्या कोपऱ्यातून आणि पुढच्याची खालच्या कोपऱ्यातून घेतली की सगळा आकार मुरगळतो. आम्ही म्हणतो, “पीळ पडला.” दोरीला पडतो तसा. उपाय एवढाच, की प्रत्येक छेदाचा आरंभबिंदू एका ओळीत आणायचा.

तिसरं, जरा लांबचं. कॅडमधली तुमची सुंदर कामटी मशीनवर कामटी राहत नाही. बहुतेक वेळा कॅमचं सॉफ्टवेअर तिचे बारीक बारीक सरळ तुकडे करून पाठवतं, जी ०१ च्या, म्हणजे ‘सरळ रेषेत जा’ या मशीनच्या सूचनेच्या, ओळींवर ओळी. तुकडे किती बारीक करायचे हे ठरतं ‘टॉलरन्स’वर, म्हणजे खऱ्या वक्रापासून सरळ तुकडा किती लांब गेला तर चालेल, यावर. तो आकडा मोठा ठेवला की जॉबवर बोट फिरवून पैलू जाणवतात. शिकाऊ मुलगा मशीनला दोष देतो, चूक असते त्या एका आकड्यात. या टॉलरन्सला काय म्हणता? एका पुस्तकात मी ‘सहिष्णुता’ वाचलं. लेथवर उभं राहून तो शब्द तोंडात येत नाही हो.

धागाकर्ती

‘पीळ’ लगेच घेतला. दर वर्षी मी “ट्विस्ट झालाय” म्हणायचे आणि मुलं आरंभबिंदू सोडून भलतंच काहीतरी दुरुस्त करत बसायची. पीळ म्हटल्यावर तो उलगडायचा असतो हे सांगावं लागत नाही.

टॉलरन्सला मी आधी ‘सूट’ म्हणत होते, पण वर्कशॉपमध्ये ‘सूत’ हे मापही चालतं, इंचाचा आठवा भाग. आवाजात दोन्ही सारखे ऐकू येतात आणि मापाच्या बाबतीत तो घोळ परवडणारा नाही. त्यामुळे आता ‘मुभा’ म्हणते, आणि त्याच्या शेजारी ‘वाव’ ठेवते. या दोन शब्दांत मुलं गफलत करतात म्हणून फळ्यावर नेहमी हे उदाहरण घेते. २५ मिलिमीटरचं एच ७ भोक (एच ७, जी ६ ही मापं किती इकडेतिकडे चालतील ते ठरवणाऱ्या प्रमाणित श्रेणींची नावं) २५.००० ते २५.०२१ पर्यंत चालतं, म्हणजे त्याला २१ मायक्रॉनची मुभा. त्यात जाणारा जी ६ शाफ्ट २४.९८० ते २४.९९३, त्याला १३ मायक्रॉनची मुभा. आता दोन्ही जोडल्यावर मध्ये राहणारी जागा कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन. ही झाली वाव. मुभा एकेका भागाला असते, वाव दोघांच्या मध्ये असते. इंग्रजीतल्या ‘टॉलरन्स’ आणि ‘क्लिअरन्स’मध्ये उलटसुलट करणारी मुलं यात चुकलेली नाहीत.

तुमच्या हरकतीबद्दल म्हणाल तर ती मला पटते. म्हणून पृष्ठभाग असेल तर ‘मढवणे’, भरीव असेल तर ‘भरीव मढवणे’ असं बोलून पाहीन. जरा विचित्र वाटेल, पण विचित्रपणामुळेच फरक लक्षात राहील. कामटीच्या तुकड्यांचं मात्र मी कधी शिकवलंच नव्हतं. कॅड आणि कॅम हे दोन वेगळे धडे म्हणून घेतले जातात, त्यामुळे पहिल्यातली रेघ दुसऱ्यात जाताना काय होतं हे मध्येच राहून जातं.

प्रतिसाद (विद्यार्थी, शेवटचं वर्ष)

मॅडम, मी तुमच्या वर्गातला नाही, दुसऱ्या कॉलेजचा. पण एक सांगू? परीक्षेत उत्तर इंग्रजीत लिहायचं असतं. मराठी शब्द कळला की विषय कळतो हे खरं, पण मग इंग्रजी वाक्य जुळवताना परत अडायला होतं. दोन्ही शब्द एकाच दमात सांगाल का? म्हणजे “लॉफ्ट, मढवणे” असं. आमचे एक सर पूर्ण मराठीत छान शिकवायचे आणि पेपरात मला ‘फिलेट’ म्हणजे काय तेच आठवेना.

धागाकर्ती

सांगेन. प्रयोगवहीतही दोन्ही शब्द शेजारी लिहून घेईन. तुझ्या सरांची चूक नाही रे, पण तुझं म्हणणं अगदी खरं आहे.

फिलेटला माझ्याकडे शब्दच नाही. ‘गोलाई’ म्हणते, पण ती बाहेरच्या कडेलाही लागते आणि आतल्या कोपऱ्यालाही.

प्रतिसाद (वेंगुर्ला, बांधकाम)

ताई, गच्चीच्या कामात भिंत आणि लादी जिथे भेटते त्या आतल्या कोपऱ्यात आम्ही सिमेंटची गोल पट्टी काढतो, पावसाचं पाणी तिथे मुरू नये म्हणून. त्याला ‘वाटा’ म्हणतात. वाटा फक्त आतल्या कोपऱ्यालाच असतो. बाहेरच्या कडेला कुणी वाटा म्हणणार नाही, तिथे ‘गोलाई’.

धागाकर्ती

मग आतला वाटा आणि बाहेरची गोलाई. इंग्रजीतही जुने आखणीवाले आतल्याला फिलेट आणि बाहेरच्याला राउंड असं वेगळं म्हणत, पुढे सॉफ्टवेअरने दोघांना एकाच बटणात कोंबलं. तुमच्या कामाचा वाटा पाणी मुरू देत नाही आणि आमच्या भागात तो ताण एका कोपऱ्यात साचू देत नाही; धारदार आतल्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो, तो यामुळे थांबतो. सोमवारच्या प्रात्यक्षिकाला होडीच घेणार आहे, पाच छेदांची. त्या तोंडी परीक्षेतल्या मुलाला म्हटलंय, घरून एक कामटी घेऊन ये.