समलिंगी व्यक्तींविषयीचा माध्यमांतील द्वेष : एक लाखाचा दंड कोणाला पुरे पडतो?

औदुंबर (धागालेखक)

श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत आणि मराठीत कविता लिहीत. ८ फेब्रुवारी २०१० रोजी काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या निवासस्थानी घुसले आणि शयनगृहातील खासगी क्षण त्यांनी चित्रित केले. लगोलग विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून सिरसांना निलंबित केले. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजीच दिला होता, तरीही हे घडले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिलच्या पहिल्या तारखेला निलंबन स्थगित केले. सातव्या तारखेला सिरस घरात मृतावस्थेत सापडले.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०११ मध्ये, हैदराबादच्या टीव्ही९ या तेलुगू वाहिनीने शहरात ‘गे संस्कृती’ बोकाळल्याचा कार्यक्रम दाखवला. वार्ताहराने समलिंगी पुरुषांच्या ओळखीसाठी असलेल्या एका संकेतस्थळावरून माणसे हेरली, त्यांना फोन केले, त्यांना बोलते करून ते संभाषण ध्वनिमुद्रित केले आणि त्यांच्या छायाचित्रांसह ते प्रसारित केले. न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तप्रसारण मानक प्राधिकरणाने (वृत्तवाहिन्यांनीच स्वनियमनासाठी नेमलेल्या संस्थेने) वाहिनीला दोषी ठरवून एक लाख रुपये दंड केला आणि माफी प्रसारित करायला लावली.

या दोन्ही प्रकरणांत कोणी कोणाला शिवी दिली नव्हती, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे द्वेषमूलक वक्तव्याची चर्चा निघाली की सगळा भर कोण काय बोलले यावर राहतो. पण घरी आणि कार्यालयात कोणाला काहीही ठाऊक नसलेल्या माणसाचा चेहरा दूरचित्रवाणीवर झळकवणे हे शिवीपेक्षा कितीतरी घातक आहे, कारण शिवी देणारा निदान स्वतः समोर येतो, आणि इथे मात्र वाहिनी नामानिराळी राहून घरच्यांकडून, घरमालकाकडून, वरिष्ठांकडून शिक्षा करवून घेते. अशा प्रसारणाला द्वेषमूलक कृत्य मानावे आणि त्याचा दंड वाहिनीच्या उत्पन्नाच्या प्रमाणात असावा, असे माझे मत आहे. स्वनियमनातला एक लाखाचा दंड परिणामकारक आहे का, हा प्रश्न २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विचारला होता. मोठ्या वाहिनीला तेवढे पैसे जाहिरातींच्या एका मध्यंतरात सुटतात, असा माझा अंदाज आहे.

तर्कटी

औदुंबर, सिरसांच्या बाबतीत जे झाले त्याचे समर्थन कोणीच करणार नाही. पण परवानगीशिवाय घरात शिरणे हा गुन्हा आधीपासूनच आहे. त्याला नव्या नावाची गरज काय? द्वेषाची व्याख्या एकदा सैल केली की ती कोणाच्या हातात पडते, हे आपण महाराष्ट्रातच पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. त्यासाठी वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द व्हायला मार्च २०१५ उजाडला. उद्या ‘समाजाच्या भावना’ दुखावल्याची पहिली तक्रार समलिंगी कार्यकर्त्यांविरुद्धच दाखल होणार नाही, याची खात्री तुम्ही देऊ शकता का?

जुना वाचक

माझी अडचण वेगळी आहे. समलिंगी विवाहाला माझा विरोध आहे आणि तो मी सभ्य शब्दांत मांडतो. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अशा विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. तरीही असे मत छापणाऱ्या संपादकाला आजकाल द्वेष पसरवणारा म्हणतात. बहुसंख्य समाजाला जे वाटते ते माध्यमांनी दाखवायचेच नाही का?

औदुंबर

जुना वाचक, तुमचे मत छापले गेलेच पाहिजे, आणि त्याला द्वेष म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण मत छापणे आणि दावा न तपासता छापणे यांत अंतर आहे. एप्रिल २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या शिखर संस्थेने, ठराव करून सांगितले की देशातील ९९.९ टक्क्यांहून अधिक लोक समलिंगी विवाहाच्या विरोधात आहेत. हा आकडा कोणत्या पाहणीतून आला, हा साधा प्रश्न किती बातम्यांत विचारला गेला? कांद्याच्या भावाचा आकडा देणाऱ्याला आपला वार्ताहर बाजार समितीचे नाव विचारल्याशिवाय सोडत नाही.

तर्कटी, पोलिसांच्या हाती आणखी एक कलम देण्याच्या मीही विरोधात आहे. सरकारला कायद्यांबाबत सल्ला देणाऱ्या विधी आयोगाने मार्च २०१७ मधील २६७व्या अहवालात लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख यांचा उल्लेख करून नवी फौजदारी कलमे सुचवली होती. त्यांतला तुरुंगवास मला नको आहे. मला हवा आहे तो दिवाणी उपाय : ज्याचा चेहरा दाखवला त्याला भरपाई, आणि ती मागताना त्याचे नाव गुप्त राखण्याची सोय. फौजदारी तक्रार सिरसांसारखा माणूस कशी करणार? तक्रारीपायी त्याला आपली ओळख पुन्हा एकदा उघड करावी लागते.

रात्रपाळी

एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काम करतो, म्हणून थोडे आतले. सिरस किंवा हैदराबाद यांच्यासारखी प्रकरणे क्वचित घडतात. रोजचा द्वेष फार कंटाळवाण्या मार्गाने येतो. पोलीस ठाण्याची प्रेसनोट येते : सिग्नलवर झालेल्या भांडणात अमुक तृतीयपंथीयाला ताब्यात घेतले. रात्री साडेअकराला पान छपाईला सोडायचे असते, उपसंपादक तोच शब्द उचलून मथळ्यात घालतो आणि पुढे ‘हैदोस’ किंवा ‘धुमाकूळ’ जोडतो. आरोपी पुरुष असता तर ‘पुरुषाचा धुमाकूळ’ असा मथळा कोणी दिला नसता. तीच बातमी सकाळी समाजमाध्यमांवर टाकली जाते, खाली ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले जाते आणि दुपारपर्यंत अशा प्रतिक्रिया जमतात की त्यांतली एकही आम्ही छापील पत्रव्यवहारात घेतली नसती. त्या काढून टाकायला स्वतंत्र माणूस नाही. असता, तरी प्रतिक्रियांवरच पोहोच मोजली जात असल्याने त्याला त्या काढू दिल्या असत्या का, याबद्दल मला शंका आहे.

दंड कितीही वाढवा, या मथळ्याला तो लागू होणार नाही, कारण त्यात एकही शब्द खोटा नाही. शिवाय त्या प्राधिकरणाचा दंड वृत्तवाहिन्यांसाठी आहे. छापील वृत्तपत्रांसाठी प्रेस कौन्सिल आहे. ती ताकीद देते, नापसंती नोंदवते, पण तिला दंड करण्याचा अधिकारच नाही.

तर्कटी

रात्रपाळी, माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. हे काम डेस्कवरच व्हायला हवे. आरोपीची जात आपण सहसा मथळ्यात देत नाही. लिंगओळख बातमीशी संबंधित नसेल तर तीही देऊ नये, एवढा नियम प्रत्येक संपादक उद्यापासून लावू शकतो, त्याला कायदा लागत नाही. दिवाणी भरपाईला माझी हरकत नाही, मात्र ती केवळ खासगीपणाच्या भंगासाठी असावी. त्यात ‘द्वेष’ हा शब्द आला की मी पुन्हा विरोधात.

औदुंबर

संपादकांवर सोडायला मीही तयार झालो असतो. पण ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात न्या. रोहिंटन नरिमन यांनी केंद्र सरकारला सांगितले होते की या निकालाला दूरचित्रवाणी, नभोवाणी, मुद्रित आणि ऑनलाइन माध्यमांतून ठरावीक अंतराने व्यापक प्रसिद्धी द्यावी, म्हणजे या समाजावरील कलंक कमी होत जाऊन अखेर नाहीसा होईल. अशी एकही जाहिरात पाहिल्याचे मला आठवत नाही. न्यायालयाने सांगितलेलेही जिथे होत नाही, तिथे डेस्कवरच्या सद्बुद्धीवर विसंबून राहायचे का?

आणि तुमच्या अटीबद्दल : हैदराबादच्या वाहिनीने त्या पुरुषांनाच का निवडले? एखाद्या विवाह मंडळात नाव नोंदवलेल्या पुरुषांना फोन करून त्यांचे आवाज प्रसारित केले असते, तर खासगीपणाचा भंग तेवढाच झाला असता, पण कार्यक्रम झाला नसता. भरपाई ठरवताना ही निवड विचारात घ्यायची की नाही, एवढेच सांगा. ‘द्वेष’ हा शब्द मी मागे घ्यायला तयार आहे.

तर्कटी

रक्कम ठरवताना घ्यावी. दोष ठरवताना घेऊ नये.