रात्रीच्या गाडीत मोबाइलचा स्पीकर : सांगायचं की सोसायचं?

परभणीकर : मुंबईला जाणारी देवगिरी संभाजीनगरला येईस्तोवर चांगलीच रात्र होते. चढलेला माणूस जरा आडवा होतो न होतो तोच शेजारी कुणीतरी लग्नाचा हिशोब स्पीकरवर काढतो. मंडपवाल्याचे किती राहिले, मेव्हण्यानं किती बुडवले, सगळं डब्याला पाठ! रात्री दहानंतर मोठ्यानं बोलणं, हेडफोनशिवाय गाणी लावणं यावर रेल्वेनं २०२२ च्या जानेवारीतच बंदी आणली. नियम आहे, तर तोंडावर सांगायला लाजायचं काहून?

बालाघाटचा : सांगा की. पण कोणाला सांगायलात ते बघून. आमच्या बीडकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला जातात, लेकरं आज्या-आजीपाशी. आजीला वाचता येत नाही, म्हणून लेक आवाजातच निरोप धाडतो. तिला ऐकू कमी येतं. एसटी असो का रेल्वे, ती स्पीकरच लावणार. हेडफोन कुठं खुपसायचा, हे तिला कोणी शिकवलं?

परभणीकर : आजीला कोण बोलतंय? मला भेटतात ते पंचविशीतले. गळ्यात इअरफोन लोंबकळतोय अन् रील स्पीकरवर. तीच रील, पुन्हा पुन्हा.

लातूरची लेक : आवाजाचं सोडा हो, कापसाचे बोळे घालता येतात. मी खालच्या बर्थवर झोपलेली अन् समोरचा व्हिडिओ कॉलवर, कॅमेरा माझ्याकडं. पलीकडून त्याचा मित्र विचारतोय, 'मागं कोण झोपलंय रे?' याचा नियम सांगा आधी.

गोदाकाठ : गाडीत गोंधळ काय आजचा आहे का? भजनी मंडळं टाळ घेऊन चढायची, पत्त्यांचे डाव रात्रभर. तेव्हा कोणी तक्रार केली नाही. मोबाइल आला अन् सगळ्यांना शिस्त आठवायली.

लातूरची लेक : त्यांना 'माउली, जरा हळू' म्हणलं की टाळ खाली ठेवायचे. या पोराला म्हणलं तर 'एवढं असेल तर एसीनं जा' म्हणाला.

बालाघाटचा : कॅमेऱ्याचं शंभर टक्के पटलं. तिथं भांडाच, मी तुमच्या बाजूनं. पण स्पीकरवरून सरसकट दंडबिंड मागू नका, पहिली पावती आजीचीच फाटेल.

परभणीकर : दंड कोणी मागितला? हळू बोल म्हणायलोय. अन् बोळे मी काहून घालू, मेव्हणा त्याचा आहे!