मुंबईच्या कॉमिक कॉनला आवडत्या चित्रकाराला भेटायचंय: सही, स्केच, तयारी काय करावी?

शाहूपुरीचा_वेताळ

नमस्कार मंडळी. यंदा कोल्हापुरातून आम्ही चौघं मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सवाल्यांच्या मेळाव्याला, जातोय. राज कॉमिक्सच्या जमान्यातल्या एका चित्रकारांचं टेबल असणार आहे. लहानपणापासून त्यांचं काम बघत आलोय, त्यामुळे भेट नीट व्हावी असं वाटतं. घरात मामांचा जुना साठा आहे: नव्वदच्या दशकातले नागराज आणि ध्रुव (दोघंही राज कॉमिक्सचे नायक), शिवाय मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे काही अंक. पानं पिवळी पडलीत, पण फाटलेली नाहीत.

विचारायचं ते असं:
१. सही कव्हरवर घ्यावी की आतल्या पानावर? पेन कुठलं न्यावं?
२. जागेवर स्केच काढून मिळतं का? त्यासाठी कागद आपण न्यायचा का?
३. एकदम किती अंक पुढे केले तर वाईट दिसत नाही?
४. स्केच मिळालंच तर रात्रीच्या गाडीतून न चुरगळता कसं आणायचं?

सोबत आर्ट कॉलेजला असलेली बहीण आहे. तिला स्वतःचं काम दाखवायचंय. तेही सांगा.

शाईवाला

आधी तिसऱ्याचं उत्तर, कारण बाकीचं त्यावर ठरतं. दोन अंक, फार तर तीन. पिशवीतून पंधरा अंकांची चवड काढली की समोरच्याला वाटतं, हा विकायला सह्या गोळा करतोय. आणि मागची रांग शिव्या घालते ती वेगळीच.

कुठले दोन न्यायचे ते ठरवताना आत श्रेयनामावली बघा. नागराज म्हणजे एकच चित्रकार असं नाही. सुरुवातीचे अंक पुण्याच्या प्रताप मुळीकांचे, नव्वदच्या दशकात अनुपम सिन्हांकडे नागराज आला, आणि ध्रुव तर पहिल्यापासून सिन्हांचाच. पेन्सिल एकाची, इंकिंग (पेन्सिलवर शाई फिरवणं) दुसऱ्याचं, रंग तिसऱ्याचे अशी विभागणी त्या अंकांत सरसकट असायची. सिन्हांच्या पेन्सिलवर विनोद कुमारांचं इंकिंग हे नाव कित्येक अंकांत सापडेल. कव्हर एकाचं आणि आतली पानं दुसऱ्याची असंही असतं. दुसऱ्याने काढलेला अंक पुढे केला तर ते सही करतीलही, पण चेहऱ्यावरून कळतं. इंद्रजालचे अंक घरीच ठेवा. त्यातली वेताळ-मँड्रेकची पानं परदेशी वृत्तपत्रांतल्या पट्ट्यांवरून जुळवलेली. आपल्याकडचं त्यातलं मोठं काम म्हणजे बी. गोविंद यांची कव्हरं आणि पुढे १९७६ पासून आबिद सुरतींचा देशी नायक बहादूर. तुमच्या चित्रकारांचा त्याच्याशी संबंध नसेल तर उगाच ओझं.

आता पेन. नव्वदचे अंक साध्या न्यूजप्रिंटवर आहेत. त्या कागदाला मार्कर लावला की टिपकागदासारखा शोषून घेतो. स्पिरिटवाला परमनंट मार्कर पलीकडच्या पानावर उतरतो, आणि काही वर्षांनी अक्षराभोवती तपकिरी कडा धरतो. आतल्या पानासाठी पिगमेंट शाईचा फाइनलायनर (बारीक टोकाचा पेन) न्या, ०.५ किंवा ०.८ मिमीचा. शाई वरच बसते, पाण्याने जात नाही, उन्हाने लवकर उडत नाही. बॉलपेन नको. मऊ कागदावर दाबून सही केली की पुढच्या तीन पानांवर वळ उठतात.

कव्हर गुळगुळीत असेल तर उलटं. तिथे फाइनलायनर मुरत नाही, बोट लागलं की पुसतो. तिथे परमनंट मार्कर नाहीतर पेंट मार्कर. कव्हर गडद असेल तर चंदेरी. पेंट मार्करची एक खोड आहे: आतली गोळी खडखडेपर्यंत हलवायचा, मग टोक रद्दी कागदावर दाबून रंग उतरवायचा आणि दोन-चार रेघा मारून बघायच्या. हे न करता थेट कव्हरवर टोक दाबलं तर पचकन थेंब पडतो, आणि तो पुसायला गेलात की कव्हरच जातं. चित्रकाराच्या हातात चालू झालेला पेन द्या. सहीनंतर दहा मिनिटं अंक उघडा धरा, सोनेरी-चंदेरी असेल तर वीस. ओल्या सहीवर प्लास्टिक चढवलं की अर्धी सही प्लास्टिकवर.

अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे अॅसिड-फ्री पुठ्ठा घालून न्या. पीव्हीसीची पिशवी नको. पिना गंजलेल्या असतील तर अंक टेबलावर सपाट उघडून दाबू नका, पिनेशी कागद फाटतो. सही जिथे हवी त्या पानाला आधीच कागदाची पट्टी घालून ठेवा, आणि पानाखाली एक जाडसर कार्ड सरकवा.

राजारामपुरी_रेघोट्या

वरच्या भावाचं बरोबर आहे, फक्त कव्हरवर सही घेऊच नका असं माझं मत. जुन्या कव्हरवर चित्राचीच इतकी गर्दी असते की सही हरवते. आतलं पहिलं पान बरं, तिथे नावासाठी जागाही असते. नावाचं सांगायचं तर चिठ्ठीवर देवनागरी आणि रोमन दोन्हीत लिहून न्या. हॉलमधल्या गोंगाटात 'ऋतुजा'चं काय काय होऊ शकतं ते सांगायला नको. नाव घालून सही घेतलीत तर चित्रकारही खुश असतो, कारण नाव असलेला अंक लगेच कोणी विकायला काढत नाही.

स्केचबद्दल. बहुतेक चित्रकार कमिशनची (पैसे घेऊन काढून द्यायच्या चित्रांची) यादी आधीच उघडतात, त्यांच्या इन्स्टाग्रामवर किंवा मेलवर. जायच्या तीन-चार आठवडे आधी विचारा. मेसेजमध्ये पाच गोष्टी एकदम लिहा: कुठलं पात्र, फक्त चेहरा की छातीपर्यंत की पूर्ण आकृती, काळं-पांढरं की रंगीत, आकार, आणि कुठल्या दिवशी येणार. 'सर स्केच मिळेल का' एवढंच पाठवलं तर त्यांना उलट पाच प्रश्न विचारावे लागतात आणि तुमचा मेसेज खाली जातो. दर ते सांगतील तो. घासाघीस करू नका. महाग वाटला तर लहान आकार मागा. आणि 'सर, दोन रेघा मारून द्या की' असं म्हणून फुकटात मागणं तर अजिबात नको. त्यांनी तिथल्या टेबलाचं भाडं भरलेलं असतं.

वेळेचा अंदाज ठेवा. ए-फाइव्हवर नुसता चेहरा, शाईत, दहा ते वीस मिनिटं. पूर्ण आकृती रंगासह म्हटली तर तास-दीड तास सहज, तोही मधे गिऱ्हाईक न आल्यास. म्हणून सकाळी दार उघडल्यावर आधी टेबल गाठा, नाव नोंदवा, पैसे द्या, किती वाजता यायचं ते विचारा, आणि तिथून निघा. डोक्यावर उभं राहून बघत बसलात तर हात आखडतो, शिवाय इतर लोकांना टेबल दिसत नाही.

कागद त्यांच्याकडे असतो, पण आपला न्यायचा असेल तर २५० ते ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडीचं माप) ब्रिस्टल किंवा हॉट-प्रेस, दोन्ही गुळगुळीत. वॉटरकलरचा दाणेदार कोल्ड-प्रेस बघायला झकास, पण निब त्या दाण्यांत अडकते, शाई उडते, आणि फाइनलायनरचं टोक तर एका चित्रात झिजतं. शाळेच्या ड्रॉइंग बुकातला कार्ट्रिज कागद साधारण १४० जीएसएमचा. त्यावर शाईच्या रेघेला मिशा फुटतात आणि अल्कोहोल मार्कर आरपार जातो. सुटे कागद क्लिपबोर्डला लावून द्या. टेबल आधीच प्रिंटांनी भरलेलं असतं, तिथे सपाट जागा शोधत बसायला लागू नये. बांधीव स्केचबुक देणार असाल तर मधे बटर पेपर घाला, नाहीतर समोरच्या पानावर शाईचा ठसा उठतो.

पात्राचा संदर्भ छापून न्या. मोबाइलवर नको. स्क्रीन दर अर्ध्या मिनिटाला विझते आणि शाईच्या बोटांनी ती चालू कोण करणार? चेहरा समोरून, पूर्ण पोशाख आणि रंग एवढं एका ए-फोरवर बसतं. पात्र त्यांचंच असलं तरी न्या. हजारो पानं काढलेल्या माणसाला ध्रुवच्या पट्ट्यावरचा तारा लक्षात असेल, पण बुटाची कड कुठल्या वर्षी कशी होती ते असेलच असं नाही.

शाहूपुरीचा_वेताळ

भारी माहिती, दोघांचेही आभार. अजून दोन शंका. बोलायचं काय? तिथे गेल्यावर तोंडातून शब्द फुटणार नाही असं वाटतंय. आणि स्केच घरी आल्यावर लॅमिनेशन करून ठेवलं तर कायमचं टिकेल ना?

माउंटबोर्ड

लॅमिनेशन?! अहो, थांबा. गरम लॅमिनेशनमध्ये प्लास्टिकचा डिंक वितळून कागदात शिरतो, तो परत कधीच निघत नाही. मार्करचा रंग त्या उष्णतेने पसरू शकतो. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेपासून सगळं लॅमिनेट करायची सवय आहे, पण मूळ चित्राला हे करायचं नाही.

आधी ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. अल्कोहोल मार्करचे रंग उजेडात उडतात, भिंतीवर लावलं तर काही वर्षांत लाल फिका आणि कातडीचा रंग पिवळट होतो. म्हणून रंगीत असेल तर प्रिंट भिंतीवर आणि मूळ फाइलमध्ये. नुसती पिगमेंट शाई असेल तर फ्रेम चालेल. फ्रेमवाल्याला खिडकीवाला माउंट (मधे चौकोन कापलेला जाड पुठ्ठा) करायला सांगा, म्हणजे काच चित्राला टेकत नाही. टेकली की पावसाळ्यात ओल धरून कागद काचेला चिकटतो. मागच्या हार्डबोर्डला चित्र थेट लावू देऊ नका, मधे अॅसिड-फ्री शीट. सेलोटेप तर नकोच. आणि ज्या भिंतीला पावसाचा मारा बसतो तिच्यावर टांगू नका. कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट म्हणजे कागदावर तपकिरी ठिपके पडायला पुरेसा.

फाइल घेताना वास घेऊन बघा. चकचकीत, मऊ, उग्र वासाचं पान म्हणजे पीव्हीसी. ते शाई आणि झेरॉक्सची टोनर ओढून घेतं, चित्र पानाला चिकटून येतं. पॉलिप्रॉपिलीनचं पान कडक असतं, वाजतं, वास येत नाही.

आणायचं असं: चित्रावर बटर पेपर, दोन्ही बाजूंना चित्रापेक्षा दोन बोटं मोठे कोरुगेटेड पुठ्ठे. एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठल्याच बाजूला दुमडत नाही. चार कोपऱ्यांना कागदी कोन करून चित्र त्यात अडकवा, चित्राला टेप लावू नका. बाहेरून प्लास्टिकची पिशवी. गुंडाळी करू नका, जाड शाई किंवा पांढरा गौश (जाडसर जलरंग) असेल तर तडकून सुटतो. महालक्ष्मी एक्सप्रेसने येणार असाल तर बर्थखाली बॅगांच्या ढिगात सरकवू नका, पाण्याची बाटली तिथेच सांडते. सगळ्यात वरच्या बर्थवर उशाशी, भिंतीकडून उभं. परतीची गाडी सीएसएमटीहून रात्री साडेआठच्या आत सुटते, तेव्हा स्केच घ्यायची वेळ संध्याकाळी पाचच्या पुढची घेऊ नका. शनिवार-रविवारी बीकेसीतून (वांद्रे-कुर्ला संकुल, कॉन भरतं तो भाग) बाहेर पडायलाच वेळ जातो.

शाईवाला

बोलण्याचं: 'सर मी तुमचा लहानपणापासूनचा फॅन' हे ते दिवसभर ऐकतात, त्यावर 'थँक्यू' सोडून काय म्हणणार? एक ठराविक पान डोक्यात ठेवून जा. अमुक अंकातल्या पावसाच्या रेघा ब्रशने की निबने, काळं भरताना पांढरं राखलं की नंतर वरून दिलं, पान कुठल्या आकारात काढायचात. असा प्रश्न विचारला की माणूस खुलतो. अमुक पात्र परत कधी येणार, तमक्या प्रकाशकाशी काय झालं, हे नको. पहिलं त्यांच्या हातात नसतं आणि दुसरं त्यांना बोलायचं नसतं. मागे कोणी प्रिंट घ्यायला आलं तर आपण होऊन बाजूला सरका, ते गेलं की पुन्हा बोला. फोटो विचारून, फ्लॅश बंद. अर्धवट चित्राचा फोटो टाकायचा असेल तर तेही विचारून. टेबलावर पिशवी किंवा चहाचा कप ठेवायचा नाही, ते सांगायला लागू नये.

राजारामपुरी_रेघोट्या

बहिणीसाठी: सहा ते आठ पानं पुरेत, आणि त्यातली निदान चार सलग गोष्टीची. एकेक पोज काढलेली पोस्टर दाखवून कॉमिक्सचं काम मिळत नाही. बघणारा हे बघतो की चौकटीमागून चौकट वाचता येते का, तेच पात्र तिसऱ्या चौकटीत तेच दिसतं का, आणि हात, घोडा, रिक्षा, मागची गल्ली नीट काढलीय का. रंकाळ्याची किंवा महाद्वार रोडची एखादी गर्दीची चौकट असेल तर ती पुढे ठेव म्हणावं, पार्श्वभूमी काढायचा कंटाळा नाही हे त्यातून दिसतं. मूळ पानं नेऊ नका, ए-फोरवर चांगल्या प्रती काढा. 'आत्ता बघता का, की नंतर येऊ?' असं विचारायचं. दुपारी जेवणानंतरची वेळ जरा निवांत असते. चित्रकाराचा एखादा कार्यक्रम मंचावर असेल तर तो संपल्यावर लगेच जाऊ नये, तेव्हा टेबलाला सगळ्यात मोठी रांग लागते. जे सांगतील ते वहीत लिहून घ्यायचं, तिथेच वाद घालायचा नाही.

शाहूपुरीचा_वेताळ

एकदम क्लिअर झालं. पैसे ऑनलाइन चालतात ना?

माउंटबोर्ड

चालतात, पण भरलेल्या हॉलमध्ये नेटवर्क लटकतं आणि मागे रांग. रोख न्या, शंभर-दोनशेच्या नोटा. पाचशेचे सुटे टेबलवाल्याकडे दुपारनंतर नसतात.