अकरावीला सायकॉलॉजी: आत्ताच, की "नंतर बघू"?

कर्वेनगरची आई:
लेकीला दहावीला ८९ टक्के. तिला आर्ट्स घेऊन सायकॉलॉजी करायचीय. सासरे म्हणतात, एवढ्या मार्कांवर आर्ट्स? नवरा म्हणतो, सायन्स घे, बीएला सायकॉलॉजी कुठल्याही शाखेतून घेता येते. मी लेकीच्या बाजूने. "नंतर घेऊ" म्हणून ठेवलेला विषय बहुधा घेतलाच जात नाही. मीही तेच म्हटलं होतं. आज बँकेत आहे.

पेठकर:
ताई, नवरा बरोबर बोलतोय. उद्या तिला मानसोपचारतज्ज्ञ व्हावंसं वाटलं तर एमबीबीएस आणि मग एमडी. त्यासाठी नीट ही प्रवेश परीक्षा, म्हणजे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवंच. सोळाव्या वर्षी दार का लावून घ्यायचं?

कर्वेनगरची आई:
तिला औषधं लिहून द्यायची नाहीयेत हो. माणसं अशी का वागतात ते बघायचंय.

एमएवाली:
मी अकरावी-बारावीला सायकॉलॉजी घेतली नव्हती. बीएला महिनाभर दमले, मग काही फरक राहिला नाही. अडले ते संख्याशास्त्रात. गणिताला कंटाळून आर्ट्सला आलेल्या मैत्रिणी प्रमाण विचलनापाशी रडायच्या. आणि एमए झालं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, असं नसतं. त्याला पुढचं प्रशिक्षण आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते. हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही.

जुना मास्तर:
हा विषय मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, तेव्हा घरचाच आहेर. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, आपण किती वेळात किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. आमची मुलं तो परिच्छेद घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. प्रयोग सिद्ध! पण एखादी मुलगी तास संपल्यावर मागे थांबते. "सर, आमच्या आजीचं हेच होतंय का?" त्या घरात त्याआधी कुणी हा प्रश्न विचारलेला नसतो. त्यासाठी मी हा विषय अकरावीलाच ठेवीन.

पेठकर:
मास्तर, त्याचीच तर भीती! आमच्या पुतण्याने विकारांचा धडा वाचून घरभर आजार वाटले. काकू ओटा दोनदा पुसते म्हणून तिला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ.

जुना मास्तर:
खरंय. पण तो धडा न वाचलेली मुलं रील बघून तेच करतात. निदान पुस्तकात, त्रास किती आणि रोजचं आयुष्य अडतंय का, हे तरी विचारलेलं असतं.

डेक्कनची:
सासऱ्यांसाठी एक. ज्ञान प्रबोधिनीच्या १९६९ साली सुरू झालेल्या प्रशालेत पोर बुद्धिमत्ता चाचणीतून निवडलं गेलं की आपण पेढे वाटतो. त्या चाचण्या बनतात कशा, हे शिकायचं म्हटलं की मात्र "आर्ट्स?" म्हणून नाक मुरडायचं!

पेठकर:
पेढे आम्हीही वाटले होते. 😀 तरी माझं मत तेच.

कर्वेनगरची आई:
एमएवालीचं पटलं. आर्ट्स घेऊन गणित ठेवता येतं का, ते कॉलेजात विचारून मगच पसंतीक्रम भरू. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "गणित कशाला पण?" सासऱ्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही.