रेंज, नगेट, सिल: जंगलाच्या मातीच्या अहवालात मराठीत काय लिहायचं?

रानवाट: मंडळी, जंगलातल्या मातीत सेंद्रिय कर्ब किती त्याचा नकाशा क्रिगिंगने (म्हणजे घेतलेल्या नमुन्यांवरून मधल्या जागांचा अंदाज बांधून) काढलाय, आता अहवाल मराठीत हवाय आणि गाडी व्हेरिओग्रामच्या, म्हणजे दोन नमुन्यांमधलं अंतर वाढलं की त्यांच्यातला फरक किती वाढतो त्या आलेखाच्या, तीन शब्दांवर अडलीय. रेंज तसंच ठेवलं तर वनखात्यातले लोक वनपरिक्षेत्र समजणार. 'या रेंजची रेंज ६०० मीटर', कसं वाटतं वाचायला? 😀

खडूफळा: सरळ पल्ला लिहा की, तोफेचा पल्ला म्हणतोच आपण. त्या अंतरापलीकडे इथल्या मातीवरून तिथल्या मातीचा अंदाज लागत नाही, एवढंच सांगायचंय ना.

रानवाट: पल्ला झकास. नगेटला ढेकूळ चालेल?

सोनकी: छे, मातीच्या अहवालात ढेकूळ लिहिलं तर लोक खरंच फोडायला घेतील. शब्द सोन्याच्या खाणीतला आहे. डॅनी क्रिग हे दक्षिण आफ्रिकेतले खाण इंजिनिअर, विटवॉटर्सरँडच्या सोन्यावर त्यांनी १९५१ मध्ये प्रबंध केला, पुढे फ्रान्सच्या माथेराँनी त्यावर गणित उभं केलं आणि क्रिगचंच नाव दिलं. एका नमुन्यात सोन्याचा खडा सापडतो, अगदी शेजारच्यात काहीच नाही, तो नगेट. जंगलात सोनं कुठलं, पण ऐनाच्या बुंध्याशी पाला कुजून माती काळीभोर असते आणि दोन हातांवर वारूळ, तिथला कर्ब वेगळाच येतो, शिवाय लॅबमधली चूकही त्यातच मिसळते. मी तर 'जवळचा फरक' लिहीन.

खडूफळा: मग सिलला 'कमाल फरक', जोडी जमते. शब्दशः उंबरा होतो खरा, पण उंबरा ओलांडायचा असतो आणि इथे आलेख तिथवर चढून आडवा पडतो.

रानवाट: माझ्याकडे जवळचा फरक कमाल फरकाच्या पाऊणपट आलाय हो.

सोनकी: मग शब्दांचं राहू दे, आधी नमुने बघा. एका खड्ड्यातली माती घेतली असेल तर असंच होणार, आसपासच्या पाच-सहा जागांची एकत्र कालवून एक नमुना करायचा. जवळचा फरक एवढा मोठा असला की क्रिगिंग सगळीकडे सरासरीच्या आसपासचाच रंग भरतं, नकाशा दिसतो गुळगुळीत आणि अधिकारी खूश होतात पण त्यात माहिती फारशी नसते. आणि त्रुटीचा नकाशा, म्हणजे अंदाज कुठे किती चुकू शकतो त्याचा, शेजारी छापाच, तो लोक हमखास गाळतात.